फळीचं वळण

हां, असंच. असंच धरा. दोन बोटं इकडून, दोन बोटं तिकडून — दाबायचं नाय, नुसतं धरायचं. कोंबडीचं पिल्लू धरतो तसं. आणि आता बोलू नका. तुमच्या बोलण्याचा त्रास नाय मला, बोलणं गोडच आहे तुमचं — पण माणूस बोलला की त्याचं अंग हालतं, अंग हाललं की हात हालतो, आणि हात हालला की हे पातं कलतं बसंल. कलतं बसलं की फळी जन्मभर एका अंगाला ओढ खाणार. जोडीतला एक बैल अंगचोर असला की गाडी कशी जाती, तशी. तर तुम्ही गप राहा, मी बोलतो. माझं तोंड मोकळं आहे. वीस मिनिटं. उन्हाचा ताव बघता पंधराच धरा. हे दोन डब्यांचं रेझिन आहे, एकात दुसरं मिसळलं की मग ते कुणाचं ऐकत नाय, आपल्या वख्तावर घट्ट होतं.

सखूबाईनं धरलं असतं खरं तर. मागची फळी तिनंच धरली होती — सांगतो, मागच्या फळीचं पण सांगतो. पण आज आमची मालकीण चुलीपुढून हलायला तयार नाय. सकाळपासून दोन हाका मारल्या, दोन्ही वेळा 'आले, आले' म्हणाली आणि आली नाय. पन्नास वर्षं झाली लग्नाला, हाकेला न येण्याची ही पहिलीच खेप. म्हणून तुम्हाला कामाला लावलं. तुम्ही काल बारा तास गाडी हाकून मालवणावरून आलात, सृष्टीताईंची लाटेवर उभं राहायची फळी न्यायला आलो म्हणलात, आणि आज म्हाताऱ्यानं अंगणात उभं करून हातात पातं दिलं. राग मानू नका. तुम्ही यायच्या आधी फळी तयार पाहिजे होती, मला मान्य आहे. तयारच होती. फक्त पातं राहिलं होतं. दहा दिवसांपासून तेवढंच राहिलंय.

पातं म्हणजे तुमचं ते फिन. आधी मला तेही मालूम नव्हतं. नात फोनवर बोलली, सखूबाईनं 'पिन' ऐकलं. मला येऊन सांगितलं — सृष्टी म्हणती, पिन कुठं टाकायची ते मी कळवते, आबानं मनानं टाकू नये. मी म्हणलं, पिन कशाला लागंल, आमच्या मिटमिटा गावाचा पिन पोस्टमनला पाठ आहे. तरी मी फळीच्या शेपटावर पेन्सिलीनं सहा आकडे लिहून ठेवले. मग तिनं आजीच्या फोनवर फोटो धाडला तेव्हा उजेड पडला. माशाच्या पाठीवर पर असतो, तसं हे फळीच्या पोटाला, शेपटाकडं. म्हणून तर फळी उलटी निजवलीय. पाण्यात हे बुडून राहतं, कुणाला दिसत नाय. वर माणूस उभा असतो, लोक माणसाला बघतात. सगळी फळी मात्र याच्या जिवावर.

तुम्हाला वाटत असंल, या गड्याला हे जमलं कसं. समुद्र काय मी पाहिला नाय. पैठणचं धरण पाहिलंय — पलीकडचा काठ दिसत नाय, तर मी धरून चाललो की समुद्र तसाच असंल, फक्त खारट. तसं कळवलं. तिकडून आजीकडं निरोप आला, आबाला सांग, तसा नसतो, तो हालतो. बरं. शाळा माझी दुसरीपर्यंत. एकोणीस वर्षांचा होईस्तोवर बापासंगं खुलताबादच्या डोंगरावर मेंढरं वळली. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि मी शहरात आलो. पुढं फायबरच्या कारखान्यात लागलो — पाण्याच्या टाक्या, संडासाची दारं, बागेतल्या घसरगुंड्या. तीस वर्षं. घसरगुंडीत सगळ्यात अवघड काय असतं, सांगा — सांगू नका, मीच सांगतो — वळण. सरळ घसरगुंडी कुणीही करतं. वळण जास्त झालं की पोरगं मधीच अडकतं, कमी झालं की कठड्यावरून बाहेर. एका बागेत आमची एक होती, तिच्यात पोरं वरून बसायची आणि शेजारच्या गुलाबात निघायची. माळ्यानं तक्रार केली, वरचे लोक येऊन बघून गेले, आणि गुलाब काढून टाकले. घसरगुंडी अजून तिथंच आहे.

तर मागची फळी. मांडववाल्याकडून थर्माकोलचा दहा फुटी ठोकळा आणला, गरम तारेनं कापला, चार दिवस घासला, आणि वरून आपलं नेहमीचं टाकीचं रेझिन ओतलं. तुम्ही हसायलात. हसू नका, हात. व्हय, टाकीच्या रेझिननं थर्माकोल विरघळतो, हे मला त्या दिवशी कळलं. नुसता 'फस्स' आवाज. दहा फुटाची फळी घटकाभरात हाताएवढी झाली. सखूबाई टोक धरून उभी होती, तिच्या हातात टोकच राहिलं. ती म्हणाली, बरं झालं, समुद्रात नाय नेली. मी म्हणलं, व्हय. मग दुसरा ठोकळा आणला, दुसरं रेझिन आणलं. ही लाकडाची मधली रेघ दिसती ना, जिच्यावर तुमचं पातं उभं आहे — ती पॅकिंगच्या पेटीची पाइन पट्टी. साडेनऊ फूट, एका मापाची. बाकी रंधा, कानस, पॉलिश पेपर. यात घासलेलं परत लागत नाय. आपल्या वेरूळच्या लोकांनी अख्खा डोंगर असाच वरून खाली उतरवला, पण त्यांना मधी मधी कुणाचे निरोप येत नव्हते.

काय बघायलात? ती खूण? ती पुसायची राहिलीय. तिकडं बघू नका, पात्याकडं बघा. — आता बघितलीच आहे तर सांगतो, नायतर तुमचं चित्त तिथंच राहायचं. ती सात इंचावरची खूण. शेपटापासून सात इंच. ती सृष्टीची. तुमच्या हाताखाली आहे ती पाच इंचावरची, ती माझी. दोन इंचानं काय होतं? मीही हेच म्हणलो होतो. दोन इंचानं सगळंच होतं. पातं जितकं मागं, शेपटाजवळ, तितकी फळी सरळ जाती. शेपूट पाण्याला धरून राहतं, वरचा माणूस चालत टोकापर्यंत गेला तरी दगा देत नाय. आणि पातं जितकं पुढं घ्याल तितकी फळी सैल. मागचा पाय जरा दाबला की वळली. इकडं म्हणलं इकडं, तिकडं म्हणलं तिकडं. आता मला सांगा, पाण्यात सैल काय कामाचं? सरळ जावं, काठाला लागावं, घरी यावं. मी पाचवर ठेवलं. माझं काय चुकलं?

बाजारात खोबण मिळती म्हणतात. ती फळीत बसवायची, पातं तिच्यात मागंपुढं सरकवायचं, स्क्रूनं आवळायचं — म्हणजे ज्याची फळी त्यानं आपल्या मनानं ठरवावं. तिनं आधी तेच मागितलं होतं. मी कळवलं, खोबण आपल्याकडं होत नाय, पातं कायमचं चिकटवावं लागंल. — होती की. न होण्यासारखं काय आहे त्यात? कारखान्यात त्याच्या दसपट अवघड केलंय. खोबण केली असती तर तिनं तिकडं जाऊन पातं सरकवलं असतं, आणि मग मी इथं पाच इंच मोजून उपयोग काय? ... हे तिला सांगू नका. तुम्ही काय, गाडी चालवणार, फळी उतरवणार, आपल्या वाटंनं जाणार. तुम्हाला सांगायला हरकत नाय म्हणून सांगितलं.

सहा मिनिटं झाली. हात दुखत असला तर कोपर पोटाला टेकवा. हां.

वळण. हा शब्दच वाईट आहे. दोन वर्षं झाली, दिवाळीत ती घरी आली होती. आधी मालवणला हॉटेलात नोकरीला होती, पुढं हे फळीचं शिकली, आता लोकांना शिकवती — हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पोर आमच्याकडंच वाढलेली. तिची आई लवकर गेली, आमच्या आदिनाथनं पुण्याला दुसरा संसार केला, तर पाच वर्षांची असल्यापासून आमचीच. मी म्हणलं, सव्वीस वर्षांची होईल, कुठं तरी सरळ मार्गाला लावून द्यावी. लासूर स्टेशनचे साहेबराव, आडतीचं दुकान आहे त्यांचं, माणूस भला, पोरगा भला. आले चौघं बघायला. पोहे झाले. साहेबरावनं विचारलं, पोरगी तिकडं करती काय? मी सांगायच्या आतच ही म्हणाली, पाण्यावर उभी राहते. ते म्हणाले, आणि पडली तर? ही म्हणाली, परत चढते. मला तेव्हाच घाम फुटला. मग त्यांच्या बहिणीनं ते विचारलं — रीतच आहे ती, वाईट मनानं नाय विचारलं तिनं — म्हणाली, जरा चालून दाखव बाई. सृष्टी म्हणाली, कुठवर? ती म्हणाली, उंबऱ्यापर्यंत चाल की. चालली. उंबऱ्यापर्यंत गेली, उंबरा ओलांडला, चपला घातल्या, फाटक लावून घेतलं, आणि नाक्यावर जाऊन बस धरली. तिची पिशवी आठ दिवसांनी सखूबाईनं पार्सलनं धाडली.

साहेबरावनं चहा पुरा पिला. भला माणूस.

आणि मी काय केलं? मी ओट्यावर आलो आणि तिच्या पाठीवर म्हणलं, चार माणसांत, मोठ्यानं — 'हिला वळणच नाय!' एवढंच. शिवी नाय दिली, दुसरं काय नाय. माझा आवाज तसा बारीक, जन्मात कुणावर चढला नाय, पण त्या दिवशी फाटकापर्यंत गेला. ती थांबली होती. वळली नाय, पण पाठ थांबली. मेंढरू कसं कान टवकारून थांबतं, तितकंच. मग गेली. तिला वळण मीच लावलं होतं ना? भाकरी मोडायची कशी, मोठ्या माणसापुढं बसायचं कसं, सगळं माझ्या हातचं. तर मी नक्की कुणाला बोललो? ... हालू नका. मी नुसता डोळा पुसतोय, रेझिनचा वास झोंबतो.

दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाय. म्हणजे भांडण असं नाय. आजीला फोन करायची, आणि 'आबाला विचार गुडघा कसा आहे' असं म्हणायची. मी शेजारीच बसलेला असायचो, फोन मोठ्यानं लावलेला. मी सखूबाईला सांगायचो, बरा आहे म्हण. सखूबाई म्हणायची, बरा आहे म्हणतेत. असं दोन वर्षं. गुडघा बरा नाय. — आणि मग या होळीला निरोप आला, आबाला म्हणावं एक फळी करून दे. दुसऱ्या दिवशी मांडववाल्याकडं गेलो. मग थर्माकोल, मग ते फस्स, मग दुसरा थर्माकोल, हे सगळं झालं, आणि पात्याची वेळ आली तेव्हा तिचा निरोप आला. सखूबाईनं जसाच्या तसा सांगितला. 'आबाला सांग, सात इंच. फळीला वळण पाहिजे.'

आता तुम्हीच बघा. फळीला वळण पाहिजे. साधी गोष्ट म्हणून धाडली का टोमणा म्हणून धाडली? सखूबाईला विचारलं, म्हणताना हसली का? ती म्हणाली, मला काय माहीत, रेंज नव्हती. दहा दिवस मी त्या तीन शब्दांवर बसून आहे. सकाळी वाटायचं, साधंच आहे, फळी वळली पाहिजे असं म्हणती. संध्याकाळी वाटायचं, नाय, मला सांगती — पोरीला वळण नाय म्हणलास ना, घे, आता फळीला तरी दे. मग मी पाच इंचाची खूण केली. टोमणा असला तर मी कशाला ऐकू? आणि टोमणा नसला तर — तरी पाचच बरं. सरळ जाईल.

तिनं एक व्हिडिओ धाडलाय मधी. आजीला धाडलाय, पण मी बघतो. लाट येती, ही उठून उभी राहती, आणि मग फळीवर चालत पुढं जाती. एक पाय, दुसरा पाय, गड्या, अगदी टोकापर्यंत — पायाची बोटं बाहेर, खाली पाणी. इथं चार माणसांत उंबऱ्यापर्यंत चाल म्हणलं तर एवढा तमाशा, आणि तिथं बाई पाण्यावर चालून दाखवती. कुणी म्हणलंही नाय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणलं, पडंल. दुसऱ्यांदा म्हणलं, पडंल. आता दोनशे वेळा बघून झालं असंल, पडत नाय. तरी मी दर वेळी म्हणतो.

कसला वास आला हो? तुम्हाला आला का? गूळ... गूळ आणि जायफळ. पुरण शिजायलंय. — सखू! अगं सखू! काय करायलीस? — काय? — ऐकलंत? धोंडे करायलीय म्हणती. कुणाला गं? — 'पाहुण्याला' म्हणती.

पाहुण्याला.

हात धरून ठेवा. हालू नका. आता तर बिलकूल हालू नका.

तुमच्या कोकणात धोंड्याचा महिना पाळतात का? नाय, बोलू नका. आमच्यात पाळतात. तीन वर्षांनी एकदा जास्तीचा महिना येतो, त्यात पुरणाचे धोंडे करतात, आणि ते घालायचे कुणाला, तर एकाच माणसाला. गाडीवाल्याला नाय घालत. गाडीवाल्याला आमची सखूबाई पिठलं-भाकरी घालती, वरून ठेचा, आणि माणूस खूष होऊन जातो. पन्नास वर्षांत या घरात कुणाला धोंडे घातले नाय. लेक नाय आम्हाला, तर जावई कुठून असणार? आता आज चुलीवर धोंडे आहेत. हाकेला येत नाय म्हणजे काय, पुरण लागू नये म्हणून.

मला काय समजत नव्हतं असं नाय. काल आलात तेव्हा 'सृष्टीताई' म्हणलात. चहा झाला, 'सृष्टी' म्हणलात. मी म्हणलं, चहानं माणूस सैल होतो. मग तुम्ही फळीवरून हात फिरवला, आणि दुसऱ्या कुणाला मापाचं नाय कळणार ते तुम्हाला कळलं — म्हणालात, तिच्या पायाला हे बराबर बसंल. गाडीवाल्याला पायाचं माप कशाला माहीत? नाव सोमनाथ ना तुमचं? बाप दर्यावर जातो म्हणलात. बरं.

तर आता असं करू. तोंड उघडायचं नाय, मान हालवायची नाय. डोळे हालले तर पात्याला काय होत नाय. मी विचारतो. व्हय असंल तर एकदा मिटा, नाय असंल तर दोनदा. मी सावकाश विचारतो, तुम्ही सावकाश मिटा.

लग्न झालंय का?

... एकदा. हां. रजिस्टर? ... एकदा. सखूबाईला माहीत होतं? ... कशाला विचारतोय मी, धोंडे सांगतातच की. आदिनाथला? ... दोनदा. म्हणजे बाप राहिला आणि मी राहिलो. बरं. तिनं तुम्हाला धाडलं इकडं, का तुम्हीच आपले — नाय, हे दोन प्रश्न झाले, याला डोळा पुरत नाय. तुम्ही आपणहून आलात? ... एकदा. तिनं नको म्हणलं होतं? ... एकदा. आणि तरी आलात. असं. जिगर आहे. साहेबरावच्या पोरानं बापाला सोडून एकटं उठून यायची जिगर केली नसती, भला आहे पण. — पोहता येतं ना तुम्हाला? ... एकदाच मिटा, मला दिसलं पहिल्यांदाच. हे तरी एक झालं. ती सुखात आहे?

... घाई करू नका, हे विचार करून मिटा.

एकदा. हां.

अजून पाच-सात मिनिटं आहेत. वरचं बोटाला चिकटायलंय, पण खाली अजून ओलं आहे. एक शेवटचं विचारतो, आणि याचं खरं सांगा, बाकीचं खोटं असलं तरी चाललं असतं मला. ती फळीला वळण पाहिजे म्हणली, तेव्हा तुम्ही जवळ होता का? ... एकदा. टोमणा होता का तो? ती मला बोलली का?

...

दोनदा. मी बराबर मोजलं. एक आणि दोन. परत मिटा बरं. — दोनदा. आठवली पण नसंल तिला ती गोष्ट तेव्हा? ... नुसतं बघायलात. म्हणजे आठवती, पण त्या वख्ताला तसं नव्हतं. फळीला वळण पाहिजे म्हणजे फळी वळली पाहिजे. एवढंच. तिला तिकडं फळीची फिकीर, आणि मी इथं दहा दिवस त्याचे सतरा अर्थ लावत बसलो. म्हातारपणी माणसाला काम कमी असतं.

माझा बाप एक सांगायचा. आम्ही मेंढरं वळायला जायचो ना — बघा, तिथंही वळणंच, आमचा सगळा जन्म त्या एका शब्दात गेला — तर मी कळपाच्या अगदी मागं असायचो, काठी घेऊन, हाट हाट करत. बाप म्हणायचा, मुंजाबा, अगदी मागं राहून ओरडशील तर मेंढरू सरळ पळंल. जिथं दरी असंल तिथंही सरळच पळंल, कारण तुझी भीती मागून आहे. जरा पुढं हो, त्याच्या बगलंला ये, गप उभा राहा. त्याला तू दिसला पाहिजे, मग ते आपलं आपण वळतं. काठी लागत नाय. एकोणीस वर्षांचा होईस्तोवर मी ते केलं. ते केलं आणि मग विसरलो. फाटकापाशी ती जात होती तेव्हा मी कुठं उभा होतो? ओट्यावर. अगदी मागं. आणि ओरडलो.

दोन इंच म्हणजे तेच की हो. अगदी मागं राहायचं का जरा पुढं, बगलंला.

सोमनाथराव, सरकवा.

पातं सरकवा. आत्ता, रेझिन पकडायच्या आत. टोकाकडं — उचलायचं नाय, घासत न्या — रेघ सोडू नका, लाकडाच्या रेघेवरूनच — हळू, मी बोट लावतो या बाजूनं — अजून, अर्धा — अजून जरा — बास. बास! थांबा. सात. तिची खूण. आता श्वास घ्या, पण लई मोठा नको. गुण्या लावून काटकोन बघतो... या अंगानं बराबर. त्या अंगानं... केसभर डावीकडं. माझ्या डावीकडं. हां. दोरा धरतो टोकापासून... मधोमध. बराबर. सांडलेलं मी पुसून घेतो, तुम्ही धरा.

पडली तर परत चढंल. तीच म्हणाली होती. पोह्यांच्या बश्या हातात होत्या सगळ्यांच्या, कुणी ऐकलं नाय. मीही नाय.

आता मीही गप बसतो. पाच मिनिटं.

...

...

सोडा.

सोडा म्हणतो ना. घट्ट झालं. आता कुणी धरलं नाय तरी ते उभं राहतं. बघा — उभं आहे. तुमचीच बोटं निघंनात. असं होतं, इतका वेळ धरलं की हाताला सोडायचं समजत नाय. जेवल्यावर मी दोन्ही अंगांनी फायबरच्या मॅटचे थर लावतो, उद्या दुपारपर्यंत पक्कं होईल, मग न्या. गाडीत उलटीच ठेवा, पोट वर. घाटात ब्रेक सांभाळून.

बोटं आधी थिनरनं पुसा, मग साबण लावा, नायतर धोंड्याला वास लागंल आणि ती मला बोलंल. तिकडं बाटली आहे. सखू! पाहुण्याला पाट मांड. — व्हय, कळलं मला. मांड म्हणतो ना. — जा तुम्ही. गरम आहे तोवर बसा, माझी वाट बघू नका.

जा. मी येतो. पाच इंचावरची खूण पुसायची राहिलीय.